अर्धवट राहिलेलं क्रॉस स्टिच पेटीतून बाहेर कसं काढायचं?

आर्वीकरीण

नमस्कार मंडळी. हरभरा घरात आला, गव्हाचं थ्रेशर शेजारच्या वावरात आहे. होळी झाली की आमच्याकडे बायकांना जरा दम खायला मिळतो. दरवर्षी याच दिवसांत मी दिवाणातली पेटी उघडते, आत पाहते आणि परत लावून टाकते. त्यात माझी तीन भरतकामं पडून आहेत.

पहिलं काळ्या मॅटीवरच्या (भरतकामाचं घराघरांचं कापड) मोरांच्या जोडीचं. रुखवतासाठी घेतलं होतं. एक मोर पूर्ण आहे, दुसऱ्याची मान आणि थोडा पिसारा झाला आणि तेवढ्यात लग्नच लागलं. दुसरी मुलाची उंची मोजायची जिराफाची पट्टी. मुलगा चौथीत गेला, जिराफाचे अजून पायच झालेत. तिसरा विठ्ठल. १४ काउंटचं आयडा, म्हणजे मोजीव घरांचं भरतकामाचं कापड, नेटवरून घेतलेला नमुना, १५० घरं रुंद आणि २०० घरं उंच. पायाकडून सुरुवात केली, कमरेवरच्या हातांच्या खालपर्यंत आले आहे.

टाका येतो, हातही बरा चालतो. पण घेऊन बसलं की दोन ओळी होतात, तेवढ्यात दूध उतू जातं, सासऱ्यांना चहा हवा असतो, आणि ठेवलेलं काम परत हातात यायला पुढची होळी येते. नवीन काही सुरू करायला मात्र कोण उत्साह! तुम्ही जुनी कामं पुरी करायला मन कसं तयार करता? ‘रोज थोडं थोडं करत जा’ सोडून काहीही सांगा. ते नणंदबाईंनी सांगून झालंय.

इतवारीवाली

वाचनखूण साठवली. माझ्याकडे पेटी नाही, अख्खं कपाट आहे. सल्ला देण्याच्या लायकीची नाही, फक्त ऐकायला बसले आहे.

निशिगंध

मानसशास्त्र शिकते म्हणून लुडबूड करते. मध्येच तोडलेली कामं पुऱ्या झालेल्या कामांपेक्षा जास्त लक्षात राहतात, असं ब्लूमा झायगार्निक यांनी १९२७ मध्ये मांडलं. पुढच्या वर्षी मारिया ओव्सियांकिना यांनी दाखवलं की थांबवलेलं काम माणसं कुणी न सांगताही परत हाती घेतात. लक्षात राहण्याची गोष्ट नंतरच्या प्रयोगांत दरवेळी तशीच आढळली नाही, पण परत हाती घेण्याची ओढ बऱ्यापैकी खरी दिसते. म्हणजे ताई, ओढ तुमच्यात आहेच.

वऱ्हाडी मावशी

मंग माह्या पेटीतलं काऊन नाई उठून आलं वं?

निशिगंध

मावशी, हाहा! प्रयोगात काम समोर टेबलावर असतं, पेटीत बंद नसतं. आणि तिथे थोड्याच वेळापुरतं थांबवतात, सहा-सहा वर्षं नाही.

वऱ्हाडी मावशी

तेच तं. आता माही गोष्ट आयक आर्वीकरीन. मन-बिन राहू दे बाजूले. थे काम थांबलं कायले, हे आधी पाय.

मी शायेत पोरींले शिवन-टिपन शिकवलं. पोरीचा रुमाल अर्धा रायला का मी पयले त्याले उलटा करून पाहो. मागून सबन समजते. कुठं दोरा सरला रायते, कुठं नमुन्याचा कागद हरपला रायते, कुठं फुल्या मोजन्यात घोय झाला रायते. पोरगी म्हने, बाई मन नाई लागत. मन लागते वं, थे अडून रायते. अडलेलं काढून देल्लं का त्याच पोरीनं चार दिवसांत रुमाल आनून द्यावा.

तं तू तिन्ही कपडे काढ, उलटे कर, अन् कोनतं कायच्यापायी अडलं थे इथं लिव्ह. मंग बोलू.

घाटंजीची

मावशींना अनुमोदन. आणि एक मी जोडते. प्रत्येक काम पुरं करायलाच पाहिजे हे कोणी सांगितलं? बियाणं महागाचं होतं म्हणून उगवलंच नाही त्या वावरात आपण निंदण करत बसतो का? वखर फिरवतो आणि दुबार पेरतो. रडतो, पण पेरतो. तो जिराफ मोडा, ताई. मुलगा त्याच्या डोक्यावरून गेला.

इतवारीवाली

अगं पण लड्यांचे पैसे? कापडाचे? इतक्या रात्री बसून भरलेलं?

घाटंजीची

गेले ते. पुढे भरलं तरी परत येणार नाहीत, वर आणखी तास जातील.

निशिगंध

यावरही अभ्यास आहे, आर्क्स आणि ब्लूमर, १९८५. पैसा किंवा कष्ट आधीच घातलेले असले की माणूस तोट्याचं कामही सोडत नाही. बस, आता गप्प बसते.

आर्वीकरीण

गप्प बसू नका, मजा येते आहे.

मावशी, तिन्ही काढून उलटी केली. सांगते.

मोर: मोरपंखी रंगाची लडी संपली आहे. नंबराची कागदी पट्टी कुठे गेली देव जाणे. तालुक्याला दोनदा दाखवला, ‘यातलाच घ्या’ म्हणून जवळपासचा काढून देतात, तो जवळपासचा काही केल्या पटत नाही.

जिराफ: काहीही अडलेलं नाही. दोरे आहेत, कागद आहे. नुसती इच्छा नाही.

विठ्ठल: नमुना आमच्या झेरॉक्सवाल्याकडून लहान करून काढलेला, तो घडीवर फाटला. फाटला तो नेमका हातांच्या ओळीत. त्या पट्ट्यात भरीव चौकोन कोणता आणि भरीव गोल कोणता, कळत नाही. दरवेळी तिथे पोचते आणि ठेवून देते. मी याला आजवर आळस म्हणत होते.

वऱ्हाडी मावशी

पाय! म्हनलं होतं ना.

मास्तर देवरीकर

या गटात नवीन आहे, जिल्हा परिषद शाळेवर आहे, आणि हो, स्वतः भरतो. प्रश्न यायच्या आधीच उत्तर दिलं.

आर्वीकरीण ताई, विठ्ठलाबद्दल एक विचारायचं होतं. मागची भिंत नमुन्यात भरलेली आहे का? आणि तुम्ही ती भरत आला आहात की सोडली आहे?

आर्वीकरीण

नमुन्यात गडद तपकिरी भिंत आहे, चारही कोपऱ्यांपर्यंत. मी आधी नुसती मूर्ती भरते आहे, भिंत मागाहून भरू म्हणून ठेवली.

मास्तर देवरीकर

मग ऐका. १५० गुणिले २०० म्हणजे ३०,००० फुल्या. १४ काउंट म्हणजे इंचाला १४ घरं, तेव्हा चित्र साधारण २७ सेंटीमीटर रुंद आणि ३६ उंच. मूर्ती सरासरी ७० घरं रुंद धरू. म्हणजे मूर्तीच्या १४,००० फुल्या आणि नुसत्या भिंतीच्या १६,०००. विठ्ठलापेक्षा भिंतच मोठी!

रंग बदलणं, सुई ओवणं धरून तासाला १०० फुल्या पकडा. तुमचा हात वेगळा असेल तर आकडा बदला. हातांपासून वरच्या ११० ओळी उरल्या असतील तर मूर्तीचं ७७ तासांचं काम शिल्लक आहे. भिंतीचं १६०. मी म्हणतो, भिंत सोडून द्या. क्रीम कापडावर काळा विठ्ठल उठून दिसेल, कडेने बॅकस्टिच (सलग रेघेचा टाका) घातली की झालं. काम एका फटक्यात एक तृतीयांशावर आलं.

अर्धवट राहिलेल्या बऱ्याच चित्रांचं दुखणं मला हेच वाटतं. नेटवरचे हे नमुने फोटोवरून संगणक काढतो. त्याला मोकळी जागा ठेवणं माहीत नाही, आभाळाचेही सात रंग करतो. आपल्या आत्या-मावशांच्या मॅटीवरच्या चित्रांत पोपट, फांदी, दोन पेरू आणि बाकी कापड. म्हणून ती पुरी होत.

इतवारीवाली

मास्तर, तुम्ही माझं कपाट वाचवलंत. माझ्याकडे एक सूर्यास्त आहे, ज्यात फक्त आकाश आहे.

बाय द वे, तुम्ही भरता तेव्हा शाळेत कोणी हसत नाही?

मास्तर देवरीकर

हसतात. पाचवीतली पोरं नाही हसत, ती मोजायला बसतात. गुणाकाराचा तास बरा होतो.

वरूडची

नमुना फाटलाय तर मूळ फाइल असेल ना मोबाइलमध्ये? ती तुकड्यांत मोठी करून काढायची, एका पानावर ५० गुणिले ७० घरांपेक्षा जास्त नको. पानांना एकेक ओळ सामाईक ठेवायची म्हणजे जोड चुकत नाही. झालेलं घर पेन्सिलीने पुसट रंगवायचं. काही जणी मोबाइलवर पॅटर्न कीपर नावाचं अॅप वापरतात, बोटाने घर खोडता येतं, पण त्याला नमुन्याची नीट पीडीएफ लागते, फोटो चालत नाही.

आणि सर्वांत भारी उपाय सांगू? कोणाकडून तरी वाचून घ्या. माझी पुतणी बाजूला बसून म्हणते, ‘तीन काळे, एक सोड, दोन पिवळे’. मान वर-खाली होत नाही, हात दुप्पट चालतो. बदल्यात तिला संत्र्याची गोळी. आमच्याकडे आंबिया बहाराची फळं संपली की पोरं मोकळीच असतात.

आर्वीकरीण

चौथीतला जिराफ हे काम आनंदाने करेल. मूळ फाइल सापडली, भावाच्या ईमेलमध्ये होती!

चाळिशी पार

एक कोणी बोललं नाही ते मी बोलते. डोळे. चाळिशीच्या आसपास जवळचं धूसर दिसायला लागतं, आणि आपण म्हणतो, ‘आताशा कंटाळा येतो’. काळ्या मॅटीवर तर घरंच दिसत नाहीत. आधी नंबर तपासून घ्या, मग मनाला दोष द्या.

काळ्या कापडासाठी एक सोपी गोष्ट: मांडीवर पांढरं फडकं किंवा उशीची पांढरी खोळ पसरून त्यावर काम धरायचं. भोकांतून पांढरं दिसतं, घर सापडतं. काळं काम दिवसाच करायचं, ओट्यावर किंवा दारात बसून. ट्यूबलाइटमध्ये गडद निळा आणि काळा वेगळे ओळखू येत नाहीत.

इतवारीवाली

आता माझ्या हद्दीतला विषय: मोरपंखी. आर्वीकरीण, दुकानात ‘मोरपंखी द्या’ म्हणून काही होत नाही, निळ्या-हिरव्याच्या मधल्या कितीतरी छटा असतात. जुन्या दोऱ्याचा वीतभर तुकडा पोस्टकार्डाला चिकटवा आणि दुकानाच्या बाहेर उजेडात येऊन ताडून पाहा. अँकर आणि डीएमसी या दोऱ्याच्या कंपन्यांचे नंबर वेगवेगळे. साधा काळा डीएमसीत ३१०, अँकरमध्ये ४०३. तेव्हा नेटवरच्या नमुन्यातले नंबर अँकरच्या दुकानात सांगून उपयोग नाही, तक्ता सोबत ठेवायचा.

नंबर बरोबर मिळाला तरी जुनी लडी आणि नवी लडी यांत फरक येऊ शकतो. त्याला तोड आहे. दोन पदरांनी भरत असाल तर जुना-नवा सांधा येतो त्या पट्ट्यात एक पदर जुना आणि एक नवा घ्या. नजर तिथे अडकत नाही. पण तुमच्याकडे जुना संपलाच असेल, तर पहिल्या मोराला हात लावू नका आणि दुसऱ्याचा उरलेला पिसारा नव्या छटेने भरा. मोराच्या पिसाऱ्यात छटा असायच्याच.

पुढच्या वेळेसाठी सगळ्याच जणींना: नंबराची पट्टी फेकू नका. पुठ्ठ्याला भोकं पाडून प्रत्येक रंगाचा एक पदर अडकवा आणि बाजूला नंबर लिहा. एका लडीत ८ मीटर दोरा असतो, सहा पदरी. दोन पदरांनी १४ काउंटवर दीड हजार फुल्या तरी निघतात. त्या हिशोबाने आधीच जास्तीची घेऊन ठेवावी.

घाटंजीची

अवांतर: घरात कापसाच्या गंज्या छताला लागलेल्या, आणि आठ मीटर दोऱ्यासाठी एसटी धरून जिल्ह्याला जायचं. यावर कोणीतरी नाटक लिहा.

वऱ्हाडी मावशी

मॅटीचं एक सांगतो. मॅटीले काउंट-बिउंट काई नसते, दुकानदार मापतो अन् आपन घेतो. दर गठ्ठ्याची घरं लहानमोठी. म्हनून त्याच कामाले कापड कमी पडलं तं दुसरं जोडता नाई येत. आयडाचं बरं असते, पन महाग.

पैनगंगाकाठ

मला वेगळंच विचारायचं आहे, पण याच धाग्यात बसेल. सासूबाई मागच्या वर्षी गेल्या. त्यांचा एक मोठा टेबलक्लॉथ आहे, चारी बाजूंनी गुलाबांची वेल. तीन बाजू झाल्या, चौथी अर्धी. सगळे म्हणतात तू पुरा कर, तुझा हात चांगला आहे. मी घेते आणि सुई टोचवत नाही. त्यांचा टाका माझ्यासारखा नाही. मी काय करू?

मास्तर देवरीकर

एक तांत्रिक गोष्ट आधी. फुलीचा वरचा पाय कोणत्या दिशेला आहे ते पाहा. काहींचा वरचा टाका डावीकडून उजवीकडे चढतो, काहींचा उलटा. तुमचा आणि त्यांचा उलट असेल तर दुरूनही ते अर्धं वेगळं चमकेल, कारण दोऱ्यावर उजेड दुसऱ्या बाजूने पडतो. आणि त्या एकेक फुली पुरी करत जायच्या की आधी सगळे अर्धे टाके टाकून परतीला पुरे करायच्या, हे मागच्या बाजूने कळेल. मागे उभ्याच रेघा असतील तर अर्धे टाकून परत येत असाव्यात. तसंच केलंत तर ताणही बराचसा जुळेल.

वरूडची

माझं मत: पुरा करा. त्यांनी तो टेबलावर अंथरायला केला होता.

वऱ्हाडी मावशी

मी नाई म्हनतो. ज्याचा हात त्याचा हात. थे वेल तशीच राहू दे, धुऊन-इस्तरी करून अंथर. पाहुना इचारनच का हे अर्धं काऊन, तवा सांग.

वरूडची

मावशी, मग ती वेल दर पाहुण्याला समजावत बसायची का?

वऱ्हाडी मावशी

हाव! सासू चांगली असंन तं समजावाले काय जाते?

पैनगंगाकाठ

चांगली होती. भांडखोर होती, पण चांगली होती.

मागून पाहिलं. सगळ्या उभ्या रेघा, एकही गाठ नाही. वरचा पाय माझ्यापेक्षा उलट. मास्तर, तुमचा प्रतिसाद तीनदा वाचला. एका रद्दी मॅटीवर त्यांच्या दिशेने भरून पाहते आहे. हात वळला तर चौथी बाजू करेन, नाहीतर मावशी म्हणतात तसं.

पुसदची

आमच्या तांड्यात आजी फेटिया-कांचळी (आमचा घागरा-चोळी) भरायची. आरसे, कवड्या, रंगीत दोरा, आणि मध्ये फुल्यांचे पट्टे. तिचं काम कधी अर्धवट राहिलेलं मी पाहिलं नाही, कारण ते कोणाच्या तरी अंगावर जायचं होतं आणि दिवस ठरलेला असायचा. आपण भिंतीवर लावायला भरतो, भिंतीला काही घाई नसते. त्यामुळे माझा नियम असा की सुई हातात घेण्याआधी वस्तू कोणाकडे जाणार हे ठरवायचं. मोरांचं काय करणार आहात, ताई? रुखवत तर होऊन गेलं.

आर्वीकरीण

हाच प्रश्न मी टाळत होते. खरं सांगायचं तर त्या मोरांना आता जागा नाही. भिंतीवर लावलं तर येणारी प्रत्येक बाई विचारेल, लग्नाला इतकी वर्षं झाली आणि आता?

घाटंजीची

विचारू दे. नाहीतर पुरा झालेला एकच मोर घ्या, चारी बाजूंनी दोन-तीन इंच कापड ठेवून कापा, कापल्या कापल्या कडेला झिगझॅग मारा, नाहीतर मॅटी उसवत जाते. उशीचा अभ्रा होईल. जोडीतला दुसरा हवाच असं कोणी लिहून दिलंय?

इतवारीवाली

कापायचं?? माझे हात थरथरले वाचून.

वरूडची

आमच्या सासूबाई म्हणतील, जोडी तोडू नये.

घाटंजीची

दुसऱ्याची मान तेवढी झाली आहे, ताई. जोडी जुळलीच कुठे होती?

चाळिशी पार

कापण्याआधी धुवा. इतकी वर्षं घडीत असलेलं कापड पिवळं पडलेलं असणार, काळ्यावर दिसत नाही एवढंच. थंड पाणी, सौम्य साबण, चोळायचं नाही. लाल किंवा गडद निळा रंग सुटला तर पाणी स्वच्छ येईपर्यंत खळबळत राहायचं, ओलं घडी करून ठेवायचं नाही. टॉवेलवर उलटं टाकून इस्त्री करायची म्हणजे फुल्या दबत नाहीत. घरं आखायला पाण्याने जाणारा पेन वापरला असेल तर रेषा गेल्याशिवाय इस्त्री नकोच, तापून पक्क्या होऊ शकतात.

हळदीकुंकवाच्या दिवसांत भरलेल्या पांढऱ्या कापडावर हळदीचं बोट असतंच. साबण लागला की ते लाल होतं, घाबरू नका, धुऊन उन्हात टाका, उडतं. पण रंगीत दोऱ्याला फार वेळ ऊन देऊ नका. आणि पावसाळ्यात सुई कापडात टोचून ठेवू नका, गंजाचा डाग निघता निघत नाही. रिंगही काढून ठेवायची, तिचा वळ बसतो.

निशिगंध

माझ्या झायगार्निकबाईंकडे परत येते. काम समोर असलं तर हात जातो, हे करून तरी पाहण्यासारखं आहे. उशीच्या खोळीत कापड, चालू असलेले चार रंग, कात्री आणि नमुन्याचं एकच पान घालून खुंटीला अडकवा. दिवाणावरची गादी उचलून पेटी ओढायची, मग दोरे सोडवायचे, यातच अर्धा तास जात असेल तर दूध उतू जाणारच.

वऱ्हाडी मावशी

हे मातर बराबर बोलली पोट्टी.

अन् येयेचं गनित पन मांडा. कोनी म्हनते पोयाले पुरं करू, महालक्ष्म्यांले करू. अवं, मिरगापासून निंदन-खुरपन सुरू होते, तवा कोनाले येय भेटते? मंग सोयाबीन, मंग कापूस येचाले जा. संक्रांतीपावतर बाईच्या हातात सुई नाई येत. आपली सुगी होयी ते रोहिनी. २५ मेले रोहिनी लागते, ७ जूनले मिरग. त्याच्या आत जेवढं झालं थे झालं. सकाऊन काम करा, दुपारी घामाचा हात कापडाले लागते. कूलरपुढं बसलं तं कापड दमट होते, पन चालते.

पुसदची

मग ताईंचा मूर्तीचा ७७ तासांचा हिशोब होळी ते रोहिणीत बसतो की! रोज एक तास.

आर्वीकरीण

‘रोज थोडं थोडं करत जा’ असंच झालं ना हे शेवटी! नणंदबाईंना हा धागा दाखवायचा नाही.

मास्तर देवरीकर

रोज जमलं नाही तरी चालेल. तासांऐवजी तुकडा धरा. १० गुणिले १० चा एक चौकोन म्हणजे १०० फुल्या. चौकोन पुरा झाल्याशिवाय खाली ठेवायचं नाही, आणि ठेवताना पुढच्या चौकोनाची पहिली फुली घालून ठेवायची. परत आल्यावर ‘कुठे होतो’ हे शोधावं लागत नाही.

वरूडची

आमच्या गावात चार-पाच जणी दुपारी अंगणवाडीच्या ओसरीत बसतो. सुरुवात कुरड्यांच्या निमित्ताने झाली, मग ज्या त्या आपापलं अर्धवट घेऊन यायला लागल्या. नियम एकच, तिथे नवीन काम आणायचं नाही. एकीने नवीन तोरण आणलं तर तिला चहा नाही. कडक वाटेल, पण त्यामुळे दोन जुनी तोरणं लागली दाराला.

नवा सदस्य ४७

ही सगळी चित्रं मशीनवर भरलेली तयार मिळतात. इतके डोळे फोडायचे कशाला?

घाटंजीची

भाजीही तयार मिळते, भाऊ.

आर्वीकरीण

मंडळी, निकाल सांगते.

जिराफ मोडला. जिराफाखालचं कोरं कापड मोठं आहे, त्यातून दाराचं तोरण होईल. न वापरलेले दोरे पुठ्ठ्यावर लावले. उसवलेले मात्र लव निघालेले आहेत, ते परत भरायला नाही घेणार, तोरणाच्या गोंड्यांना जातील. मुलाने विचारलं, माझी उंची मग कुठे लिहायची? दाराच्या चौकटीवर खिळ्याने लिहिली.

विठ्ठलाची नवीन पानं काढून आणली. भिंत सोडली. हातांची ओळ ओलांडली! भरीव चौकोन म्हणजे काळा, भरीव गोल म्हणजे गडद राखाडी, एवढंच होतं ते.

मोरांचं अजून ठरत नाही. घाटंजीची म्हणते तशी कात्री घेऊन बसले आणि नाही चालली. नणंदेच्या मुलीचं लग्न पुढच्या वर्षी धरतात, तिला विचारलं तर म्हणाली, मामी, मला रुखवतात केक आणि चॉकलेटचा बंगला हवा, मोर कशाला? मग म्हणाली, पण सोफ्याला चालतील. तेव्हा दोन अभ्रे. दुसरा मोर पुरा करावाच लागेल आता.

घाटंजीची

कापणारच शेवटी! फक्त आधी पुरा करून. असो, हरकत नाही.

वऱ्हाडी मावशी

कापाच्या आधी दोन्ही मोरांच्या मधात जागा किती हाय थे मोज. शिलाईले चार बोटं तरी पायजे.

आर्वीकरीण

मोजलं मावशी, सहा बोटं आहे.

इतवारीवाली, मोरपंखीचं तेवढं राहिलं. तुम्ही नागपूरच्या इतवारी बाजारात जाणार असाल तर घेऊन ठेवाल का?

इतवारीवाली

या आठवड्यात जाणं आहेच. मोबाइलवर फोटो पाठवू नका, रंग बदलतो. आर्वीहून नागपूरला कोणी येत असेल तर दोऱ्याचा तुकडा पाठवा, नाहीतर साध्या पाकिटातून पोस्टाने. पत्ता निरोपात देते. दोन लड्या घेऊ की तीन?

आर्वीकरीण

तीन घ्या.